जेबीज कसे ऐकायचे: जेम्स ब्राउनच्या मागच्या बँडला कान देण्याची पद्धत

अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचं गाणं लागलं की कान आधी त्याच्या आवाजाकडेच जातो, साहजिक आहे, तो किंचाळतो, धापा टाकतो, मधेच बँडमधल्या कुणाला तरी नावाने हाक मारतो, दुसरीकडे लक्ष जाऊच देत नाही. पण फंक, म्हणजे हे तालावर उभं असलेलं संगीत, नेमकं काय आहे हे समजून घ्यायचं असेल तर हा आवाज थोडा वेळ बाजूला ठेवून मागे काय चाललंय ते ऐकायला शिकावं लागतं, कारण फंक घडलं ते मागे उभ्या असलेल्या लोकांच्या हातात. त्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला बँड म्हणजे 1970 मध्ये उभा राहिलेला 'द जेबीज'. एक तर तो ज्या रात्री जन्माला आला ती रात्रच विलक्षण आहे, आणि त्याच्या रेकॉर्डी क्रमाने ऐकत गेलं की कोण काय वाजवतंय आणि मुख्य म्हणजे कोण काय वाजवत नाहीये हे कानाला आपोआप सुटं सुटं ऐकू यायला लागतं.

आधी एक व्यावहारिक गोष्ट. हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. फोनच्या स्पीकरमधून बेस येतच नाही, आणि बेस काढला तर या बँडचा अर्धा जीव गेला. साधे वायरवाले हेडफोन पुरतात, महागडे लागत नाहीत. आणि एका बैठकीत एकच गाणं घ्या, पाच-सहा वेळा लावा. दहा गाण्यांची प्लेलिस्ट लावून भांडी घासत ऐकलं तरी मजा येईल, नाही असं नाही, पण आपण इथे जे करणार आहोत ते त्याने होणार नाही.

सुरुवात 1970 पासून करू नका

जेबीज एकदम आकाशातून पडलेले नाहीत. ब्राउनचा बँड पन्नाशीच्या दशकापासून चालत आलेला, माणसं बदलत राहिली, आणि त्या बँडची स्वतःची ओळख सुरुवातीपासूनच होती. एक जुना किस्सा मला फार आवडतो. ब्राउनला आपल्या बँडची नुसती वाद्यांची रेकॉर्ड काढायची होती आणि सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सचा मालक सिड नेथन काही तयार होईना, तर ब्राउनने ती रेकॉर्ड मायामीच्या डेड नावाच्या लेबलवर काढली, नाव दिलं 'नॅट केंड्रिक अँड द स्वान्स', नॅट केंड्रिक म्हणजे त्याचा ड्रमर. 1960 मध्ये ते 'मॅश्ड पोटेटोज' हिट झालं. म्हणजे लोक या बँडसाठी पैसे मोजायला तयार आहेत हे तेव्हाच दिसलं होतं.

तर जेबीजच्या आधी तीन गाणी ऐका, याच क्रमाने.

पहिलं 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग', 1965. यात गिटारकडे लक्ष द्या, जिमी नोलन वाजवतोय. तार पूर्ण दाबायची नाही, डाव्या हाताची बोटं नुसती टेकवून ठेवायची आणि उजवा हात चालू ठेवायचा, म्हणजे सूर कमी आणि कुरकुर खरखर जास्त येते. याला तिकडे चिकन स्क्रॅच म्हणतात. गिटार इथे सुराचं वाद्य कमी आणि तालाचं जास्त झालं, आणि पुढच्या सगळ्या फंकचा पाया हाच.

दुसरं 'कोल्ड स्वेट', 1967. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड, आणि रचनेत ब्राउनबरोबर सॅक्सोफोनवाला पी वी एलिस, जो जॅझमधून आलेला होता. गाण्यात कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) जवळजवळ बदलतच नाहीत, एकाच जागी सगळे ठाण मांडून बसलेत. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, ऐका. नेहमीच्या पॉप गाण्यात स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, इथे चौथ्या मात्रेवरचा फटका काही ठिकाणी अर्धी मात्रा उशिरा येतो आणि तुमचं डोकं नकळत पुढे झुकतं. तेवढ्यासाठी गाणं परत लावा. मधे ब्राउन सगळ्यांना सांगतो की ड्रमरलाही थोडी जागा द्या, आणि खरंच बाकीचे बाजूला होतात.

तिसरं 'फंकी ड्रमर', नोव्हेंबर 1969 मध्ये सिनसिनाटीत रेकॉर्ड झालेलं. पुन्हा स्टबलफील्ड. पहिली काही मिनिटं साधं जॅम वाटेल, घाई करू नका. शेवटाकडे ब्राउन ड्रमरला सांगतो की सोलो वगैरे काही करायचं नाही, जे वाजवतोयस तेच चालू ठेव, आणि मग एक-दोन-तीन-चार म्हणून बाकीचा बँड थांबतो. उरतात नुसते ड्रम. हायहॅट, म्हणजे झांजांची जोडी, सलग चाललाय, स्नेअरचे दोन मोठे फटके आहेत आणि त्यांच्यामध्ये डाव्या हाताने अगदी हलके, जेमतेम ऐकू येतील असे टिचके पडतायत. त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. हेडफोन नसतील तर हे टिचके ऐकूच येत नाहीत. स्टबलफील्ड टेनेसीतल्या चॅटानूगाचा, आणि तो सांगायचा की लहानपणी आजूबाजूच्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे ठोके ऐकून ताल डोक्यात बसला.

'वन' पकडायला शिका

आता एक सराव, आणि तो खरोखर हाताने करा. ब्राउनच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा नियम होता 'द वन', म्हणजे प्रत्येक बारची, चार मात्रांच्या आवर्तनाची, पहिली मात्रा. चारच्या चक्रात एकवर सगळ्यांनी एकत्र यायचं, पुढच्या तीन मात्रांत आपापल्या वाटेने जायचं आणि परत एकवर भेटायचं.

आपल्याला हे समजायला सोपं आहे कारण आपण समेवर मान हलवत मोठे झालोय. बैठकीत तबलजी कितीही लांब फिरून आला तरी सम आली की सगळ्यांच्या मांडीवर हात पडतो, तसंच हे. फरक इतकाच की तिथे सम यायला सोळा मात्रा वाट बघतो, इथे ती दर चार मात्रांनी येते, आणि ती सजवून आणत नाहीत, सरळ आपटतात.

तर 'कोल्ड स्वेट' लावा आणि फक्त एकवर टाळी द्या. दोन-चारवर टाळी द्यायची सवय असेल तर हात तिकडे पळेल, त्याला परत आणा. पाच मिनिटं झाली की ज्या जागी टाळी पडते तिथे बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोन्ही बसलेत हे कळायला लागेल. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता मूळ गोष्ट: सिनसिनाटीची पोरं

ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर, तिथला एव्हनस्टन भाग, ब्रूस्टर अॅव्हेन्यूवरची किंग रेकॉर्ड्सची इमारत. नेथनने 1943 मध्ये सुरू केलेली ही कंपनी जरा वेगळीच होती, स्टुडिओ तिथेच, रेकॉर्ड दाबायची मशीनं तिथेच, कव्हरं छापणं तिथेच, माल भरून पाठवणंही तिथूनच. गोऱ्यांचं कंट्री संगीत आणि काळ्यांचं रिदम अँड ब्लूज एकाच छपराखाली, आणि कामाला माणसंही दोन्हीकडची. त्या काळच्या अमेरिकेत हे सर्रास दिसत नव्हतं.

याच शहरात कॉलिन्स भाऊ वाढले. मोठा फेल्प्स, ज्याला सगळे कॅटफिश म्हणायचे, गिटार वाजवायचा. धाकटा विल्यम म्हणजे बूट्सी, 1951 चा, मोठ्या भावापेक्षा बराच लहान. बूट्सी पण आधी गिटारवालाच, पण भावाच्या बँडला बेसवाला हवा होता आणि बेस घ्यायला पैसे नव्हते, तर त्याने आपल्या स्वस्तातल्या सिल्व्हरटोन गिटारलाच बेसच्या तारा चढवल्या आणि उभा राहिला. मला वाटतं बूट्सीच्या वाजवण्यात जो एक खोडकर, गिटारसारखा पळणारा भाग आहे तो इथून आलाय. 1968 च्या सुमाराला या भावांचा 'पेसमेकर्स' नावाचा बँड होता, ड्रमवर फ्रँक वॉडी. हे लोक किंगच्या स्टुडिओच्या आसपास असायचे, तिथल्या कलाकारांच्या सेशनला वाजवायचे, आणि क्लबमध्ये जेम्स ब्राउनची गाणी वाजवून वाजवून त्यांना ती पाठ झाली होती. हे पाठ असणं पुढे कामाला आलं.

मार्च 1970, कोलंबस, जॉर्जिया

ब्राउनचा तेव्हाचा बँड म्हणजे एकेक हिरा होता, मेसिओ पार्कर सॅक्सवर, जिमी नोलन गिटारवर, आणि बाकीचे. पण पैसे कमी, दौरे सतत, आणि शिस्त अशी की चुकीचा सूर लागला, बूट चकचकीत नसले, उशीर झाला, तर दंड. बँडमधल्या लोकांनीच नंतर सांगितलंय की ब्राउन स्टेजवर नाचता नाचता पंजा उघडून दाखवायचा आणि एका पंज्याचे पाच डॉलर, म्हणजे लोकांना ती नाचाची अदा वाटायची आणि वाजवणाऱ्याचा खिसा रिकामा होत असायचा. शेवटी मार्च 1970 मध्ये कोलंबसच्या कार्यक्रमाआधी बँडने आपल्या मागण्या पुढे ठेवल्या, त्या मान्य होत नाहीत तोवर वाजवणार नाही म्हणून.

ब्राउनने काय करावं? त्याने त्याचा जुना साथीदार बॉबी बर्ड याला कामाला लावलं, सिनसिनाटीहून पेसमेकर्सना उचललं आणि स्वतःच्या लिअरजेट विमानातून थेट कोलंबसला आणलं. हॉलमध्ये लोक ताटकळत बसलेत, जुना बँड तिथेच उभा, आणि ही पोरं आपली वाद्यं घेऊन आत येतायत. बूट्सी तेव्हा 18 वर्षांचा. रिहर्सल नाही काही नाही, ब्राउन गाण्याचं नाव सांगणार आणि हे वाजवणार, आणि क्लबमधली ती पाठ झालेली गाणी तिथे उपयोगी पडली.

ही गोष्ट बहुतेक वेळा पोरांचं नशीब फळफळलं अशा सुरात सांगतात. मला ती तेवढ्यावर सोडवत नाही. जे बाहेर पडले त्यांची मागणी रास्त होती, ज्या संगीताने जग बदललं ते वाजवणाऱ्यांनी नीट पगार मागण्यात गैर काय. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे 'मेसिओ अँड ऑल द किंग्ज मेन' या नावाने स्वतःचा बँड काढला, तोही जरूर ऐका. जेबीजचा जन्म अशा भांडणातून झाला हे लक्षात ठेवून ऐकलं तर त्या रेकॉर्डींमधली घाई आणि ताण दोन्ही जास्त ऐकू येतात.

नव्या बँडमध्ये ड्रमवर लवकरच जाबो स्टार्क्स बसला, जो जुन्या बँडमधलाच होता आणि ब्राउनकडे थांबला होता. ही जोडणी भारी ठरली: ड्रमर मुरलेला, आधी बॉबी ब्लँडबरोबर वर्षानुवर्षं ब्लूज वाजवलेला, आणि त्याच्यापुढे बेस आणि गिटारवर हे दोन भाऊ. ऑर्गनवर बर्ड, आणि ब्रासला, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सला, पेसमेकर्सबरोबर आलेली तरुण मंडळी.

'सेक्स मशीन' पाच वेळा ऐका

25 एप्रिल 1970, नॅशव्हिल. कोलंबसच्या रात्रीला जेमतेम महिना-दीड महिना झालेला. या एका गाण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, मी तर म्हणेन एक अख्खी संध्याकाळ.

पहिल्यांदा फक्त ब्रास ऐका. सुरुवातीला ब्राउन बँडशी बोलतो, मोजतो, आणि ट्रम्पेट-सॅक्स एकाच सुरावर धडाधड फटके मारतात. आणि मग? मग ब्रास गायब. जुन्या बँडची ताकद म्हणजे ब्रास, आणि इथे त्यालाच दारात उभं करून बाकी गाणं चार-पाच लोकांवर सोडून दिलंय. ही जागा मोकळी झाली म्हणूनच खालचं सगळं ऐकू येतं.

दुसऱ्यांदा बेस. बूट्सी एकवर पाय रोवतो आणि मग लगेच पळतो, वर चढतो, घसरतो, पण परत एकवर हजर. त्यानेच नंतर सांगितलंय की ब्राउन त्याला हेच शिकवत राहिला, मला एक दे, मग बाकी काय वाटेल ते वाजव. अंगठ्याने टाळी द्या मांडीवर एकवर, आणि बघा तो किती वेळा चुकतो. चुकत नाही.

तिसऱ्यांदा कॅटफिश. डाव्या-उजव्या हाताचं ते खरखरणं सलग आहे, पण पूर्ण दाबलेला कॉर्ड मोजक्याच जागी येतो. नोलनचीच पद्धत, पण याचा हात जास्त कोरडा आणि धारदार आहे. खूप लोक बूट्सीचं नाव घेतात आणि मोठ्या भावाला विसरतात, माझ्या मते हे गाणं जेवढं बूट्सीचं तेवढंच कॅटफिशचं. कॅटफिश 2010 मध्ये वारला.

चौथ्यांदा जाबो. स्टबलफील्ड आणि जाबो यांच्यातला फरक इथे धरता येतो. स्टबलफील्ड ताल तोडतो, मधे मधे अडकवतो, तुम्हाला कोडी घालतो. जाबो सरळ चालतो, स्वच्छ, एकही फटका जास्तीचा नाही, आणि तरी पाय थांबत नाही. कोण मोठा यावर वाद घालणारे घालतात, दोघेही एकमेकांचा मान ठेवायचे आणि पुढे 'फंकमास्टर्स' नावाने दोघांनी एकत्र कामही केलं.

पाचव्यांदा बर्ड आणि ब्राउन. हा म्हणतो एक तुकडा, तो म्हणतो दुसरा, दोघांचे आवाज पण ड्रमसारखे वापरलेत. मग ब्राउन विचारतो ब्रिजवर, म्हणजे गाण्याच्या वेगळ्या मधल्या भागावर, जायचं का, आणि सगळा बँड ई फ्लॅटवरून ए फ्लॅटवर जातो. इतका वेळ एकाच जागी काढल्यावर हा छोटासा बदल केवढा मोठा वाटतो बघा. मधला पियानो ब्राउन स्वतः वाजवतोय.

एवढं झालं की मग एकदा सगळं एकत्र, डोळे मिटून.

पुढचं ऐकण्याचा रस्ता

'सुपर बॅड', जून 1970. ब्रास परत आलाय, आणि रॉबर्ट मकलॉचा टेनर सॅक्स सोलो आहे, अगदी बेभान, ब्राउन त्याला जॅझमधला सॅक्सवाला कोल्ट्रेन याची आठवण देऊन पेटवतो. फंकच्या ग्रूव्हवर, म्हणजे सलग चालणाऱ्या तालावर, फ्री जॅझची किंकाळी, आणि हे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं. मग 'द ग्रंट', जेबीजच्या स्वतःच्या नावावरचं, गाणारं कुणी नाही. सुरुवातीला सॅक्सची जी कर्कश किंकाळी आहे ती लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग 'सोल पॉवर', 1971 च्या सुरुवातीचं.

या पहिल्या जेबीजचा स्टेजवरचा आवाज ऐकायचा असेल तर पॅरिसच्या ऑलिंपियातला मार्च 1971 चा कार्यक्रम ऐका. ही रेकॉर्डिंग त्या वेळी बाहेर आलीच नाही कारण थोड्याच दिवसांत बूट्सी आणि त्याचे सोबती बँड सोडून गेले, ती आली थेट 1992 मध्ये, 'लव्ह पॉवर पीस' या नावाने. जेमतेम वर्षभराचा संसार या लोकांचा! आणि एक सावधगिरी: 1970 चा जो 'सेक्स मशीन' नावाचा दुहेरी अल्बम आहे त्यावर लाइव्ह लिहिलंय, पण त्यातला बराच भाग स्टुडिओतला आहे आणि टाळ्या-ओरडा नंतर चिकटवलाय. संगीत उत्तमच आहे, फक्त तो पुरावा म्हणून धरू नका.

मग दुसरे जेबीज सुरू होतात, आणि इथे माणूस येतो फ्रेड वेस्ली. ट्रॉम्बोनवाला, अलाबामातल्या मोबीलमध्ये वाढलेला, 1968 मध्ये ब्राउनकडे आला, मधे सोडून गेला, परत आला आणि बँडचा म्होरक्या झाला. ब्राउन सूर लिहून देणारा माणूस नव्हता, तो तोंडाने गुणगुणायचा, हातवारे करायचा, आणि त्याच्या डोक्यातलं ते बँडला वाजवता येईल अशा रूपात आणायचं काम आधी पी वी एलिस आणि मग फ्रेड वेस्ली यांनी केलं. बेसवर आता फ्रेड थॉमस, गिटारवर चीज मार्टिन आणि रॉबर्ट कोलमन, ड्रमवर जाबोच. हा बँड बूट्सीच्या बँडसारखा उधळत नाही, बसून वाजवतो. 'पास द पीज' ऐका, 1972 च्या 'फूड फॉर थॉट' अल्बमवर आहे. सगळे मिळून हसतखेळत जेवायला बसल्यासारखं गाणं आहे आणि त्यातला ब्रास इतका नेटका की एक सूर काढला तर भिंत पडेल.

आणि मग 'डुइंग इट टु डेथ', 1973. हे फ्रेड वेस्ली अँड द जेबीज या नावावर निघालं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं, मागचा बँड आता पुढे! मेसिओ पार्कर परत आलाय. अल्बमवरचं लांब रूप शोधा, दहा मिनिटांच्या आसपास आहे. एका ठिकाणी ब्राउन म्हणतो की मला खाली उतरायचं तर डीमध्ये जायला हवं, आणि सगळा बँड वाजवता वाजवता एफवरून डीवर उतरतो. सहसा गाण्यात जोर आणायला सूर वर चढवतात, हे लोक खाली उतरले आणि गाणं जास्त जड झालं. मला जेबीजचं एकच गाणं निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन.

स्वतः वाजवून बघायचं असेल तर

चार मित्र पुरतात: ड्रम, बेस, गिटार, आणि एक कुणीतरी टाळ्या देणारा किंवा कीबोर्डवाला. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला शंभरच्या जवळपास ठेवा, त्यापेक्षा जलद नको, नवखे लोक फंक पळवतात आणि तिथेच ते मरतं.

गिटारवाल्याने ई फ्लॅट नाइन्थ धरावा: पाचव्या तारेवर सहावा फ्रेट, चौथीवर पाचवा, तिसरी आणि दुसरीवर सहावा, पहिली आणि सहावी तार वाजू द्यायची नाही. उजवा हात मनगटातून सैल, एका मात्रेत चार फटके, खाली-वर-खाली-वर, थांबायचाच नाही. डावा हात नुसता टेकलेला, आणि बारमध्ये दोन किंवा तीनच जागी दाबायचा. कुठल्या जागी ते एकदा ठरलं की दहा मिनिटं तेच. हात दुखला तर मनगट ताठ आहे असं समजा. ड्रमवाल्याने किक एकवर पक्का ठेवावा, स्नेअर दोन आणि चारवर, घोस्ट नोट्स नंतर, आधी साधं नीट बसू दे. बेसवाल्याने पहिला अर्धा तास एकवर एकच सूर वाजवावा आणि बाकी बार गप्प राहावं. हे सगळ्यात अवघड आहे, त्याला कंटाळा येईल, पण तो गप्प राहिला की गिटार आणि ड्रम एकमेकांना कसे भेटतात ते त्याला ऐकू येतं, आणि मग तो जे दोन सूर घालेल ते बरोबर भोकात बसतील.

आणि कुणा एकाला पुढारी करा, जो हात वर करेल तेव्हाच ब्रिज. आधी मोजून ठरवायचं नाही की आठ बारनंतर बदलू. जेबीज सतत ब्राउनकडे बघत वाजवायचे, त्याच्या खांद्याची हालचाल, पायाची थाप, एखादा हुंकार म्हणजे खूण. डोळे वाद्यावर असतील तर ती खूण चुकते.

नव्या गाण्यांत त्यांना शोधा

हिप-हॉप ऐकत असाल तर जेबीज तुम्ही आधीच ऐकलेत, कारण त्यात जुन्या रेकॉर्डींतले तुकडे उचलून वापरतात. 'द ग्रंट'मधली ती किंकाळी आठवते? पब्लिक एनिमीच्या 1987 च्या 'रेबेल विदाउट अ पॉज'मध्ये जो कानात घुसणारा आवाज सतत वाजतो तो तीच. 'फंकी ड्रमर'चा तुकडा तर शेकडो गाण्यांत आहे, 1986 मध्ये 'इन द जंगल ग्रूव्ह' नावाच्या संग्रहात ते गाणं परत आलं आणि डीजे लोकांच्या हाती सहज लागलं. लिन कॉलिन्सचं 1972 चं 'थिंक' घ्या, मागे जेबीज आहेत, त्यातल्या तुकड्यावर 1988 चं 'इट टेक्स टू' उभं आहे. मूळ आणि नवीन एकामागोमाग लावा, कान पटकन तयार होतो.

पण हेही माहीत असू द्या की क्लाइड स्टबलफील्डला त्या तुकड्याच्या वापराचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत, कारण गाण्याच्या हक्कात त्याचं नाव नव्हतं, ड्रमचा ताल म्हणजे रचना असं कुणी मानलंच नाही. 2017 मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला वारला, पुढच्या वर्षी जाबोही वारला. म्हणून रेकॉर्डचं मागचं पान वाचायची सवय लावा, जुनी कव्हरं पुष्कळदा नावं देत नाहीत तेव्हा पुढे निघालेल्या सीडी संग्रहांच्या पुस्तिकांत सेशनची तारीख आणि वाजवणाऱ्यांची यादी मिळते, ती बघून ऐका. ब्राउनच्या 1974 च्या पुढच्या काही रेकॉर्डींवर न्यूयॉर्कचे सेशनवाले वाजवतायत, आणि जेबीज हे नाव दिसलं म्हणजे जाबो आणि फ्रेडच असतील असं नाही.

फ्रेड वेस्ली 1975 मध्ये बाहेर पडला, मेसिओही, आणि दोघे जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडमध्ये गेले, जिथे बूट्सी 1972 पासून होताच. त्यामुळे जेबीज संपवून पुढे काय ऐकायचं तर पार्लमेंटचा 'मदरशिप कनेक्शन', डिसेंबर 1975 चा. ब्रासमध्ये फ्रेड आणि मेसिओ, बेसवर बूट्सी, आणि यावेळी टाळी कुठे द्यायची ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.